हवेचे साक्षीदार

भोपाळ शहराच्या उत्तरेस युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशके तयार करण्याचा कारखाना होता. २ व ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्री त्या कारखान्याच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत मिथाइल आयसोसायनेट नावाचा द्रव साठविलेला होता. पाण्याशी त्याची तीव्र रासायनिक क्रिया झाली, टाकी तापली, आतील दाब वाढला आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे वर निघून न जाता जमिनीलगत, झोपड्यांच्या दारांतून व फटींतून आत शिरत राहिला. माणसे जागी झाली ती डोळ्यांच्या आगीने आणि खोकल्याच्या उबळीने. शेजारी कोणी तरी मिरच्या जाळल्या असाव्यात, असे पुष्कळांना प्रथम वाटले.

त्या रात्री इस्पितळांत माणसांची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो उपचाराचा नव्हे, ओळखीचा. हवेत नेमके आले तरी काय? विषाचे नाव ठाऊक असल्याखेरीज उतारा कोणता द्यावयाचा? शरीरात सायनाइडचे विष भिनले आहे की नाही, सोडियम थायोसल्फेटची सुई उपयोगी पडेल की नाही, याविषयीचा वाद पुढे कित्येक महिने चालला. वायुगळतीने झालेले ३,७८७ मृत्यू मध्य प्रदेश शासनाने मान्य केले. इतरांचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत.

हवेत काय मिसळले आहे हे माणसाला कसे कळावे? कारखान्यातील कामगारांपाशी मिथाइल आयसोसायनेटची गळती ओळखण्याचे रोजचे साधन होते ते त्यांचे स्वतःचे डोळे. डोळ्यांतून पाणी येऊ लागले की कोठे तरी गळती आहे असे समजावयाचे. आता या साधनाची किंमत आकड्यांत पाहावी. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी या वायूची सुरक्षित म्हणून ठरविलेली मर्यादा हवेच्या १० कोटी भागांत २ भाग इतकी होती. माणसांवर केलेल्या जुन्या चाचण्यांत डोळ्यांची चुरचुर जाणवली ती १० कोटी भागांत २०० भाग वायू असताना, आणि तेव्हाही त्याचा वास आलाच नाही. म्हणजे डोळ्याने इशारा द्यावयाचा तो मर्यादा शंभरपट ओलांडली गेल्यावर. असा पहारेकरी काय कामाचा?

डोळ्याहून व नाकाहून तीक्ष्ण असे साक्षीदार निसर्गाने हवेतच निर्माण केलेले आहेत. त्यांना आयन म्हणतात. आयन हवेतून कसे चालतात, वाटेत भेटणाऱ्या अणुरेणूंशी कसे वागतात, आणि त्यांच्या चालीवरून हवेतील परक्या पदार्थाची ओळख कशी पटते, हा विषय वाटतो तितका कठीण नाही.

आयनाचा जन्म

कोणताही अणू घेतला तरी त्याच्या गाभ्यात जितका धन विद्युद्भार असतो तितकाच ऋण भार त्याच्याभोवतीच्या इलेक्ट्रॉनांचा असतो. जमाखर्च बरोबर जुळतो आणि अणू बाहेरून उदासीन राहतो. पण एखाद्या आघाताने त्याचा एक इलेक्ट्रॉन निसटला, तर उरलेल्या अणूवर धन भार शिल्लक राहतो. हाच धन आयन होय. निसटलेला इलेक्ट्रॉनही फार वेळ मोकळा राहत नाही. हवेतील ऑक्सिजनच्या रेणूला इलेक्ट्रॉनांची ओढ असते. सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी वेळात तो एखाद्या ऑक्सिजन रेणूला जाऊन चिकटतो आणि ऋण आयन तयार होतो.

असा आघात करणारी कारणे आपल्या अवतीभवती सतत हजर असतात. अंतराळातून येणारे विश्वकिरण, जमिनीतील किरणोत्सर्गी द्रव्ये आणि त्यांपासून निघणारा रेडॉन वायू यांच्यामुळे जमिनीजवळच्या प्रत्येक घन सेंटीमीटर हवेत दर सेकंदाला आयनांच्या सुमारे दहा जोड्या जन्म घेतात. त्यांचे आयुष्य थोडे असते. विरुद्ध भाराचा आयन भेटला की दोघांचेही भार मिटतात, किंवा एखादा धूलिकण त्यांना गिळून टाकतो. म्हणून कोणत्याही क्षणी एक घन सेंटीमीटर हवेत काही शे ते हजारभर आयनच सापडतात. त्याच जागेत हवेचे उदासीन रेणू किती असतात? पंचविसावर अठरा शून्ये, इतके. या प्रचंड लोकसंख्येत हजारभर आयन म्हणजे काहीच नव्हे. तरीही हवेतून जी काही थोडी वीज वाहते ती त्यांच्यामुळेच.

गर्दीतील चाल

पंढरीच्या वारीत किंवा बांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत ज्याने गर्दी अनुभवली असेल, त्याला आयनाची स्थिती समजावयास वेळ लागणार नाही. गर्दीतील माणूस धक्के खात डावीकडे, उजवीकडे, कधी मागेही जातो. पण त्याचे मन देवळाकडे लागलेले असेल तर तासाभराने तो थोडा तरी देवळाच्या दिशेने सरकलेला आढळतो. आयनाचे असेच होते. हवेचे रेणू उष्णतेमुळे सेकंदाला चार-पाचशे मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात, आणि प्रत्येक रेणूच्या दर सेकंदाला काही शे कोटी टकरी होतात. या धुमश्चक्रीत आयन सापडलेला असतो. विद्युत् क्षेत्र नसेल तर तो नुसता भरकटतो. क्षेत्र असेल तर दोन टकरींच्या मधल्या क्षणात ते त्याला एका बाजूला किंचित ओढते. पुढच्या टकरीत ती कमाई बहुतेक नाहीशी होते, आणि पुन्हा नव्याने ओढ सुरू होते. या अगणित लहान ओढींची बेरीज म्हणजे आयनाची चाल.

ही चाल किती मंद असते ते पाहण्याजोगे आहे. निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानावर जमिनीजवळ दर मीटरला १०० व्होल्टांच्या आसपास विद्युत् क्षेत्र असते, म्हणजे दर सेंटीमीटरला सुमारे एक व्होल्ट. एवढ्या क्षेत्रात साधा आयन सेकंदाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच पुढे सरकतो. मुंगीही त्याच्यापुढे सहज निघून जाईल. परंतु या मंदपणात शिस्त आहे. क्षेत्र दुप्पट केले की चाल दुप्पट होते. हवा विरळ करून तिची घनता निम्मी केली तरी चाल दुप्पट होते. ठरावीक क्षेत्रात, ठरावीक घनतेच्या वायूत, एका जातीचा आयन ठरावीक वेगानेच जातो. दर एकक क्षेत्रामागील या वेगाला आयनाची चलनक्षमता म्हणतात. ज्याप्रमाणे परिचित माणूस पाठमोरा असतानाही चालीवरून ओळखू येतो, त्याप्रमाणे आयन त्याच्या चलनक्षमतेवरून ओळखता येतो.

हा शोध एकाएकी लागलेला नाही. १८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले आणि पुढच्याच वर्षी केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन व त्यांचे तरुण विद्यार्थी अर्नेस्ट रदरफर्ड यांना असे आढळले की, या किरणांचा मारा झालेली हवा वीज वाहून नेऊ लागते. १८९७ साली रदरफर्ड यांनी अशा आयनांचे वेग मोजले. त्यानंतर थोड्याच काळात जॉन झेलेनी यांनी दाखविले की, कोरड्या हवेत ऋण आयन धन आयनांपेक्षा अधिक वेगाने जातात. वाहणाऱ्या हवेच्या झोताशी आयनांची शर्यत लावून त्यांनी हा निष्कर्ष काढला.

उदासीन अणूही तटस्थ नसतो

आयन आणि उदासीन अणू यांची भेट म्हणजे दोन गोट्यांची टक्कर, अशी कल्पना प्रथम मनात येते. ती अपुरी आहे. उदासीन अणूवर एकूण भार नसला तरी त्याच्या पोटात धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. धन आयन जवळ आला की अणूचे इलेक्ट्रॉन त्याच्या बाजूस थोडे ओढले जातात व गाभा किंचित मागे राहतो. अणू असा एका बाजूस कलला की तो आयनाकडे आकर्षिला जातो. वाळलेल्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. हे आकर्षण फार जवळचे असते. अंतर दुप्पट झाले की ते बत्तिसाव्या हिश्शावर येते. पण आयनाच्या शेजारून जाणाऱ्या अणूला वाट बदलावयास लावण्यास ते पुरेसे असते. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लांझव्हँ यांनी १९०५ साली या आकर्षणाचा हिशेब मांडून आयनांच्या चालीचे गणित बसविले, आणि आजही त्या विषयाचा प्रारंभ त्यांच्यापासूनच होतो.

दुसरा प्रकार याहून चमत्कारिक आहे. हेलियम वायूतून हेलियमचाच आयन सोडला आणि दुसऱ्या खेपेस त्याच वायूतून लिथियमचा आयन सोडला, तर अधिक वेगाने कोण जाईल? लिथियमचा अणू हेलियमपेक्षा जड असतो, म्हणून तो मागे पडेल असे वाटते. प्रत्यक्षात हेलियमच्या आयनाची चाल लिथियमच्या चालीच्या निम्म्याहूनही कमी भरते. कारण असे की, हेलियमचा आयन हेलियमच्या उदासीन अणूजवळून जाताना त्याचा एक इलेक्ट्रॉन सहज उचलून घेतो. पहिला उदासीन होतो, दुसरा आयन होतो. आता पुढे जावयाचे ते या दुसऱ्याने, आणि त्याला क्षेत्राने अजून काहीच वेग दिलेला नसतो. धावण्याच्या शर्यतीत दर दहा पावलांवर काठी नव्या, उभ्या असलेल्या गड्याच्या हाती द्यावी लागली तर संघाची जी गत होईल, तीच येथे होते. लिथियमच्या आयनाला हेलियमचा इलेक्ट्रॉन काढून घेणे परवडत नाही, म्हणून त्याची धाव अखंड चालू राहते.

तिसरा प्रकार आपल्या नेहमीच्या हवेत घडतो. हवेत बाष्प असतेच. पाण्याच्या रेणूची एक बाजू धन व दुसरी ऋण असते, त्यामुळे आयनाभोवती पाण्याचे रेणू जमतात आणि आयन त्यांचे ओझे अंगावर घेऊनच चालू लागतो. पावसाळी हवेतील आयन आणि कोरड्या हवेतील आयन यांच्या चालीत फरक पडतो तो यामुळे. इतकेच नव्हे, तर अशा आयनाला वाटेत एखादा परका रेणू भेटला आणि त्याला भाराची अधिक ओढ असली, तर आयन आपला भार त्याच्या स्वाधीन करतो. हवेत शिरलेल्या परक्याची ओळख पटते ती या व्यवहारातूनच.

चालीवरून ओळख

या तत्त्वावर १९७० च्या सुमारास एक उपकरण तयार झाले. त्याची रचना सोपी आहे. एका नळीच्या तोंडाशी निकेल धातूचा किरणोत्सर्गी प्रकार ठेवतात. त्यातून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन हवेत आयन निर्माण करतात. तपासावयाची हवा आत घेतली की तिच्यातील परक्या रेणूंकडे भार जातो व त्यांचे आयन बनतात. पुढे एक विद्युत् जाळी फाटकासारखी असते. ती क्षणभर उघडून आयनांचा एक लहानसा घोळका आत सोडतात. नळीत दर सेंटीमीटरला सुमारे २०० व्होल्टांचे क्षेत्र असले, तर साधारण आयन सेकंदाला चार मीटर वेगाने जातो आणि १० सेंटीमीटरांची वाट सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपवितो. लहान, आटोपशीर आयन आधी पोहोचतात. ऐसपैस आयनांच्या टकरी अधिक होतात, म्हणून ते मागाहून येतात. कोणता घोळका किती वेळाने पोहोचला याची नोंद म्हणजे हवेतील पदार्थांची हजेरीच होय.

विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून ती एका यंत्रात घालतात, तेव्हा स्फोटक द्रव्याचा अंशमात्र शोधण्यासाठी पुष्कळदा याच तत्त्वाचा उपयोग केलेला असतो. युद्धातील विषारी वायू ओळखण्यासाठी सैन्येही अशी उपकरणे बाळगतात. घराघरांतून लावण्यात येणाऱ्या धूरसूचक यंत्राचा एक प्रकार याचाच साधा भाऊ आहे. त्यात अमेरिशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा सूक्ष्म अंश दोन पत्र्यांमधील हवेत आयन निर्माण करतो व थोडी वीज वाहत राहते. धूर आत शिरला की आयन धुराच्या जड कणांना चिकटतात, त्यांची चाल थंडावते, वीज कमी होते आणि घंटा वाजते.

या साधनांनाही मर्यादा आहेत. हवेतील बाष्प, तापमान व दाब बदलला की हिशेब बदलतो. काही पदार्थ भार घेण्यास राजीच नसतात आणि ते उपकरणाला दिसत नाहीत. अनेक पदार्थ एकत्र आले की जो अधिक ओढाळ असतो तो सगळा भार बळकावतो आणि बाकीचे लपून राहतात. म्हणून प्रत्येक वायूसाठी योग्य ती पद्धत निवडावी लागते. सर्व रोगांवर एकच मात्रा येथेही चालत नाही.

जमिनीखालचा प्रश्न

भोपाळचा प्रश्न त्या एका रात्रीपुरता राहिला नाही. कारखान्याच्या आवारात वर्षानुवर्षे टाकलेल्या रासायनिक कचऱ्यातून विषारी द्रव्ये जमिनीत व भूजलात उतरली. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने या जागेची तपासणी केली. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २००९ साली केलेल्या तपासणीत आवारातील मातीत व आसपासच्या भूजलात क्लोरीनयुक्त बेंझिनसारखी द्रव्ये आढळली. आजूबाजूच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच दिला होता. कारखान्यात साठून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूर येथे नेण्यात आला व त्याच वर्षी तेथे जाळण्यात आला. परंतु मातीत आणि पाण्यात मुरलेले विष हा वेगळाच विषय आहे.

अशी क्लोरीनयुक्त द्रव्ये शोधण्याची एक अतिशय सूक्ष्म पद्धत इंग्लंडमधील जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास तयार केली. तीही आयनांच्याच स्वभावावर आधारलेली आहे. नळीतील वायूत मोकळे इलेक्ट्रॉन निर्माण करावयाचे. मोकळा इलेक्ट्रॉन अतिशय चपळ असतो, म्हणून वीज सुरळीत वाहते. आता तपासावयाच्या नमुन्याची वाफ आत सोडली आणि तिच्यात क्लोरीनयुक्त द्रव्याचे रेणू असले, तर ते इलेक्ट्रॉन पकडून घेतात. चपळ इलेक्ट्रॉनाच्या जागी जड, मंद ऋण आयन येतो आणि वीज एकदम घटते. ही घट म्हणजेच विषाची खूण. जगाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांत पोहोचलेल्या डी.डी.टी.सारख्या कीटकनाशकांचा माग लागला तो अशाच उपकरणांमुळे. विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते, त्याला वास नसतो, चवही बिघडलेली नसते. तरीही ते मुलांना पाजावे की नाही, या आईच्या प्रश्नाचे उत्तर अशा तपासणीतूनच मिळू शकते.

साक्ष ऐकणारा हवा

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या रात्री कारखान्यात साधने अजिबात नव्हती असे नाही. दाब दाखविणारे मापक होते; टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, पण ती बंद ठेवण्यात आली होती; वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण तो दुरुस्तीसाठी निकामी होता. सूक्ष्मातले सूक्ष्म उपकरण बसविले तरी त्याचा इशारा मानणारा माणूस आणि तो सर्वांपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था नसेल, तर आयनाची साक्ष कागदावरच राहील.

आणखीही एक ज्ञान त्या रात्री वस्तीपर्यंत पोहोचले नव्हते. मिथाइल आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होते. नाकातोंडावर ओले फडके धरले असते तर काही अंशी बचाव झाला असता. एका ओल्या फडक्याचे हे ज्ञान कोणी सांगितले नाही, म्हणून लोक वायूच्या लोटाबरोबरच धावत सुटले आणि धावताना अधिकच खोल श्वास घेत राहिले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक पदार्थांची माहिती कामगारांना व शेजारच्या रहिवाशांना देणे कारखानदारावर बंधनकारक करण्यात आले. हा कायदा पुस्तकात आहे. कारखान्याशेजारी राहणाऱ्या प्रत्येक नागरिकाने तो वाचावा, पलीकडे कोणते पदार्थ साठविलेले आहेत, गळती झाल्यास भोंगा कसा वाजेल, वारा कोणीकडून आहे हे पाहून कोणत्या दिशेने जावयाचे, ही माहिती मागावी, आणि ती आपल्या मुलांना पाठ करून द्यावी.

हवेतील आयन भेटलेल्या प्रत्येक रेणूची खूण स्वतःच्या चालीत उमटवीत जातो. ती वाचण्याची विद्या माणसाने सव्वाशे वर्षांत कमावली आहे. कारखान्याच्या भिंतीशेजारी जे झोपतात, त्यांच्या दारापर्यंत ती पोहोचविण्याचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे.